गाडी पलटी झाल्यावर छत कशावर उभं राहतं?

जुनी गाडी घ्यायला निघालेला आमच्याकडचा माणूस सगळ्यात आधी काय करतो, तर बोटं मुडपून पत्रा ठोकून बघतो. मामांनीही तेच केलं. धुळ्याला हायवेच्या कडेला माझ्या शाळासोबत्याचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. तिथं विकायला लावलेली एक उंच, भारदस्त सात सीटर मामांच्या मनात भरली होती. त्यांनी बॉनेट ठोकलं, दारं ठोकली, टाचा उंचावून छतावर दोनदा टकटक केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "भाचा, पत्रा जाड शे रे! पलटी खाल्ली तरी आतल्या माणसाला काही होणार नाही."

सोबती शेजारच्या गाडीत गुंतला होता. साक्रीकडून येताना शेतात उलटलेली गाडी. छत उजव्या बाजूनं दबलेलं, पुढच्या काचेची जाळी होऊन ती लोंबत होती, पण पुढच्या आणि मागच्या दारामधला खांब जवळपास सरळ. तोच सोडवायचं काम चाललं होतं. त्यानं ड्रिल खाली ठेवलं आणि मामांपुढे तळहात उघडला. हातात तीन बिट, टोकं जळून निळी पडलेली.

"मामा, या एका खांबानं सकाळपासून तीन बिट खाल्ले. आणि छताचा पत्रा?" त्यानं कोपऱ्यातली पत्रा कापायची कात्री दाखवली. "तो हिनं कापला."

मी पॉलिटेक्निकच्या पोरांना मेकॅनिकल शिकवतो. वर्गात फळ्यावर बाणांच्या आकृत्या काढून जे समजावायला दोन तास लागतात, ते सोबत्यानं तीन जळक्या बिटांत दाखवलं. मामांना तेव्हा ते पटलं नाही. त्यांना पुढचा तासभर जे सांगत बसलो, तेच इथं जरा नीट लावून लिहितो.

गाडीचा बाहेरून दिसणारा पत्रा साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचा असतो. जुन्या गाडीत थोडा जाड, नव्यात थोडा पातळ, एवढाच फरक. त्याचं काम वारा-पाऊस अडवायचं, आकार द्यायचा आणि रंग मिरवायचा. आपल्या जुन्या धाब्याच्या घरासारखं आहे हे. धाब्यावर हातभर माती असते, पण घर मातीवर उभं नसतं. ते सागाच्या खांबांवर, तुळयांवर आणि त्यांच्या सांध्यांवर उभं असतं. खांबाला वाळवी लागली की वरची माती कितीही जाड असू द्या, उलट जितकी जाड तितकी ती लवकर खाली येते.

गाडीतले खांब मोजायला सोपे आहेत. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंना तिरके असतात ते ए-पिलर. पुढच्या आणि मागच्या दारांमध्ये उभे ते बी-पिलर. मागच्या सीटच्या खांद्याशी सी-पिलर, आणि लांब गाडी असेल तर शेवटी डी-पिलर. वर छताच्या दोन्ही कडांना आतून पोकळ पट्ट्या पुढून मागे जातात, दोन-तीन आडव्या पट्ट्या छताखालून एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जातात, आणि खाली दारांच्या उंबऱ्याशी एक जाड पट्टी असते. हे सगळं मिळून एक पिंजरा होतो. गाडी उलटल्यावर तुमच्या डोक्यावर ती जागा उरते की नाही, हे या पिंजऱ्यावर ठरतं.

पिंजरा मोडतो कसा, हे बघायला घरातली काडेपेटी घ्या. आतला काड्यांचा खण काढून टाका आणि नुसतं बाहेरचं कव्हर टेबलावर असं ठेवा की एक उघडं तोंड तुमच्याकडे येईल. आता वरची कड एका बोटानं हळूच बाजूला ढकला. कव्हर तिरकं होतं आणि सपाट पडतं. कागद कुठेच फाटला नाही, चारही बाजू जशाच्या तशा लांबीच्या आहेत, तरी आतली जागा गेली. कोपरे वळले, बस. आता खण परत आत सरकवा आणि तसंच ढकलून बघा. हलत नाही.

उलटणाऱ्या गाडीवर जोर असाच बाजूनं, तिरका येतो. म्हणून खांबाइतकाच महत्त्वाचा असतो खांब आणि छताची कड जिथं मिळतात तो कोपरा. आणि खणाचं काम बऱ्याच अंशी कोण करतं? पुढची काच. आजच्या गाड्यांत ती काच नुसती रबरात अडकवलेली नसते, चौकटीला चिकटवलेली असते, आणि ती चौकटीला तिरकं होऊ देत नाही. म्हणून काच बदलायची वेळ आली की काम घाईनं उरकून घेऊ नका. चिकटवणारा पदार्थ कंपनीनं सांगितलेला हवा, आणि तो सुकेपर्यंत गाडी हलवायची नाही. "अर्ध्या तासात घेऊन जा साहेब" म्हणणाऱ्याला हात जोडा.

आता त्या जळक्या बिटांकडे येऊ. लोहार विळ्याला पाणी पाजतो हे आपल्याकडे पोरांनाही माहीत असतं. पातं लालबुंद तापवायचं आणि झटकन पाण्यात घालायचं. लोखंड तेच, पण ते कडक होतं, धार धरतं. बऱ्याच नव्या गाड्यांच्या बी-पिलरला हेच पाणी पाजलेलं असतं, फक्त कारखान्याच्या पद्धतीनं. पोलादात बोरॉन नावाचं मूलद्रव्य अगदी चिमूटभर मिसळतात, लाखात दोन ते पाच भाग. मग तो पत्रा सुमारे ९०० अंश सेल्सिअसला तापवून साच्यात दाबतात, आणि साच्यातूनच गार पाणी खेळत असतं, त्यामुळे दाबता दाबताच तो विझतो. साध्या पत्र्याचा एक चौरस मिलिमीटर तुकडा तुटायला साधारण ३० किलोचा ओढ लागतो. या बोरॉन पोलादाला १५० किलोच्या आसपास. जाडी न वाढवता पाचपट ताकद. साधं ड्रिल तिथं हात टेकतं ते याच कारणानं.

पण ज्याला पाणी पाजता येतं त्याचं पाणी उतरतंही. कुऱ्हाड शेकोटीत पडली की ती कुऱ्हाड राहत नाही. अपघातात वाकलेला असा खांब कुणी गॅसनं लाल करून, ओढून सरळ केला, वरून पुट्टी आणि रंग मारला, तर दिसायला तो नवा आणि आतून साधा पत्रा. वाकलेला बोरॉनचा खांब तापवून सरळ करायचा नसतो, तो ठरवलेल्या जागी कापून नवा बसवायचा असतो. सोबती हे काम नीट करतो म्हणून बिटांचा खर्च सोसतो. सगळीकडे तसं होत नाही, आणि गिऱ्हाइकालाही नको असतं, कारण नवा खांब महाग.

गाडी मुळात उलटते कशी, याबद्दल आपल्याकडे बराच गैरसमज आहे. वळणावर जोरात गेली आणि उलटली, असं सगळे म्हणतात. पण अमेरिकेत एकट्या गाडीच्या पलट्या तपासल्या गेल्या तेव्हा शंभरातल्या साधारण ९५ वेळा गाडी कशाला तरी अडखळून उलटली होती. कठडा, खड्डा, मऊ माती, रस्त्याची तुटकी कड. का, ते बघा. गाडीच्या दोन चाकांमधली रुंदी घ्या आणि तिला गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीनं भागा. समजा लहान गाडीची रुंदी १.४८ मीटर आणि गुरुत्वमध्य ५४ सेंटिमीटरवर, तर उत्तर १.३७. उंच गाडीची रुंदी १.५० आणि गुरुत्वमध्य ७० सेंटिमीटरवर, तर १.०७. म्हणजे उंच गाडी नुसती आडव्या जोरानं उलटवायला तिच्या वजनाच्या १.०७ पट जोर बाजूनं लागेल. पण कोरड्या डांबरावर टायरची पकडच वजनाच्या पाऊण पटीच्या आसपास असते. म्हणजे सपाट डांबरावर गाडी उलटण्याआधी घसरेल. घसरता घसरता चाकाला काही अडलं, की मात्र हिशेब बदलतो. कडब्याची गाडी सपाट वाटेनं डुलत डुलत घरापर्यंत येते आणि बांधावर चाक अडलं की आडवी होते, तसंच.

आणि चाक अडायला आपल्याकडे काय कमी आहे? अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता घ्या. शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, रावेर. तापीकाठची काळी जमीन, दोन्ही बाजूंना केळी नाहीतर कपाशी. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे रस्त्याची कड दरवर्षी हलते. डांबराचा थर चढत जातो, साइडपट्टी खचत जाते, आणि मध्ये वीतभर उंचीची पायरी तयार होते. समोरून केळीचा ट्रक आला की आपण डावीकडे घेतो. डावी चाकं पायरीवरून खाली उतरतात. पुढे चूक होते ती इथं. माणूस घाबरतो आणि स्टेअरिंग उजवीकडे जोरात ओढतो. टायरची बाजू पायरीला घासत राहते, चढत नाही. तो आणखी ओढतो. मग टायर एकदम वर चढतं आणि वळलेल्या चाकांनिशी गाडी सरळ समोरच्या लेनमध्ये झेपावते. ती सावरायला पुन्हा डावीकडे ओढलं की गाडी आडवी घसरत साइडपट्टीवर येते, चाक मऊ मातीत रुततं, आणि कोलांटी.

चाक खाली उतरलंच तर ॲक्सिलेटरवरून पाय काढायचा, स्टेअरिंग घट्ट आणि सरळ धरायचं, तसंच खालून चालत वेग उतरू द्यायचा, आणि गाडी अगदी हळू झाल्यावर वर घ्यायची. ब्रेक एकदम दाबायचा नाही. अमेरिकेत काही ठिकाणी डांबराची कड सरळ न कापता साधारण ३० अंशांच्या उतारानं दाबून घेतात, म्हणजे उतरलेलं चाक अलगद परत चढतं. खर्चाच्या मानानं फार मोठं काम नाही ते.

गाडीच्या टपावर कॅरिअर लावून त्यावर लग्नाचा बस्ता, गव्हाची पोती आणि वर एखादी सायकल बांधली की गुरुत्वमध्य आणखी वर जातो. वरचं १.०७ मग एकाच्याही खाली यायला वेळ लागत नाही. हे कुणाला सांगायला गेलं की उत्तर मिळतं, "आपली गाडी जड शे." जड आहे हाच तर प्रश्न. सरळ उभ्या गाडीत चेसिस पायाखाली असते. उलट्या गाडीत तीच चेसिस, इंजिन, गिअरबॉक्स, चारही चाकं असं सगळं खांबांच्या डोक्यावर येतं. चेसिसवाली गाडी म्हणजे मजबूत गाडी, हे समोरच्या धडकेतही अर्धंच खरं आहे. पलटीत ती चेसिस म्हणजे नुसतं ओझं.

म्हणून छताची ताकद नुसत्या टनांत मोजत नाहीत, गाडीच्या वजनाच्या किती पट अशी मोजतात. अमेरिकेत हा नियम मोटारींना १९७३ साली लागू झाला. एक मोठी पोलादी पाटी २५ अंशांत तिरकी धरून छताच्या एका कडेवर, चालकाच्या डोक्याच्या आसपास, हळूहळू दाबत जायची. छत पाच इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर दबायच्या आत त्यानं गाडीच्या वजनाच्या दीडपट जोर पेलला पाहिजे. आपल्या भाषेत, १२ क्विंटलची गाडी असेल तर छतावर १८ क्विंटल कापूस. हा नियम जवळजवळ ३५ वर्षं तसाच राहिला. जड गाड्यांना तर सुरुवातीला तो लागूच नव्हता. ज्यांना सगळ्यात मजबूत छत हवं, त्यांनाच मोकळीक होती.

२००९ मध्ये नियम बदलला. सुमारे २,७०० किलोपर्यंतच्या गाड्यांना तिप्पट, आणि एकच बाजू न दाबता एक झाल्यावर दुसरीही. ही दुसरी बाजू फार महत्त्वाची. गाडी डावीकडे कोलांटी घेते तेव्हा छताची डावी कड आधी टेकते, काच फुटते, काडेपेटीचा खण निघून जातो, आणि मग उजवी कड आपटते ती बहुतेक वेळा जास्त जोरात. आपल्याकडे डाव्या साइडपट्टीवर उतरून डावीकडे उलटलेल्या गाडीत उजवीकडे कोण असतो? चालवणारा. सोबत्याच्या गॅरेजमधल्या गाडीचं छतही उजवीकडेच दबलेलं होतं.

त्याच वर्षी अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेनं, आयआयएचएसनं, स्वतःची गुणपत्रिका सुरू केली. चौपट किंवा जास्त पेलणाऱ्या छताला 'चांगलं', अडीचपटीच्या खाली 'वाईट'. १२ क्विंटलच्या गाडीला चौपट म्हणजे ४८ क्विंटल कापूस, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या काठोकाठ. त्यांच्या अभ्यासात दीडपट छताच्या जागी चौपट छत आलं तर एकट्या गाडीच्या पलटीत गंभीर इजा किंवा मृत्यूचा धोका सुमारे निम्मा होतो असं निघालं. कंपन्या कामाला लागल्या, बोरॉनचे खांब सर्रास झाले, आणि काही वर्षांत जवळपास सगळ्याच गाड्या पहिल्या वर्गात पास व्हायला लागल्यामुळे संस्थेनं ही परीक्षा बंदच केली.

पण इथवर यायला वाद बराच झाला होता, आणि तो वाद मला या विषयातला सगळ्यात रंगतदार भाग वाटतो. १९८० च्या दशकात जनरल मोटर्सनं मालिबू नावाच्या गाड्या मुद्दाम उलटवून बघितल्या. काहींचं छत नेहमीचं, काहींना आतून पोलादी नळ्यांचा पिंजरा. आत माणसांऐवजी पुतळे. निष्कर्ष असा सांगितला गेला की पुतळ्यांच्या मानेवर दोन्हीकडे सारखाच मार बसला. त्यांचं म्हणणं होतं, छत दबून डोक्यावर येतं असं नाही, डोकंच छताकडे जातं. गाडी अर्धा मीटर वरून उलटी पडली तर जमिनीवर टेकताना तिचा वेग तासाला ११ किलोमीटरच्या आसपास असतो. छत जमिनीवर थांबतं, आतला माणूस नाही. डोकं छताला टेकून थांबतं आणि मागून सगळं धड मानेवर येतं. सूर मारताना तळ उथळ निघाला तर जे होतं, तेच.

हा युक्तिवाद खोटा नाही. भौतिकशास्त्र तसंच आहे. पण त्यात एक गोष्ट राहून जाते. छत दबलं की डोकं आणि छत यांच्यातली जागा आधीच संपते, आणि येणारं छत स्वतःचा वेगही घेऊन येतं. दुसरं म्हणजे खांब वाकला की खिडक्यांच्या काचा फुटतात, दारं उघडतात, माणूस बाहेर फेकला जायला वाट होते. तिसरी गोष्ट सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. पुढच्या सीटच्या बेल्टचं वरचं टोक कशाला बांधलेलं असतं? बी-पिलरला. खांब आत आला की बेल्ट सैल पडला. खुंटीच हलल्यावर दावणीला बांधलेल्या बैलाचं काय सांगावं!

आणि बेल्टच लावलेला नसेल तर? मग चौपट छत असो की दहापट, आतला माणूस हा डब्यातला चणा. २००९ चा नियम करताना अमेरिकी सरकारनंच अंदाज दिला होता की नव्या छतांमुळे वर्षाला १३५ जीव वाचतील. तेव्हा तिथं पलटीत वर्षाला दहा हजारांवर माणसं मरत होती. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी आकडा चुकीचा छापलाय असं समजलो होतो. एवढी उठाठेव १३५ साठी? कारण मरणाऱ्यांत बेल्ट न लावलेले फार होते, आणि त्यातले कितीतरी गाडीच्या बाहेर फेकले गेलेले. जो माणूस छताखाली उरलाच नाही, त्याला छत काय करणार!

ट्रॅक्टरवाल्यांना हे लवकर कळतं. स्वीडननं १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला चालकाच्या मागे-वर मजबूत कमान सक्तीची केली आणि ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू तिथं पुढे नावापुरते उरले. पण कमान असेल तर बेल्टही बांधायचा, नाहीतर माणूस कमानीखालीच सापडतो. आणि कमान नसेल तर बेल्ट बांधायचा नाही. आपल्याकडे कमानीच्या जागी ताडपत्रीची सावली असते.

आपल्या देशातल्या ताऱ्यांचं काय, हे मामांनी विचारलंच. गाड्या धडकवून बघून त्यांना सुरक्षेचे तारे देणारं भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं. त्यात गाडी समोरून ताशी ६४ किलोमीटर वेगानं, पुढच्या भागाचा काही हिस्साच आदळेल अशा अडथळ्यावर धडकवतात, बाजूनं ५० च्या वेगानं ट्रॉली आदळवतात, आणि बाजूनं खांबावर २९ च्या वेगानं नेतात. छत दाबून बघायची चाचणी त्यात नाही. म्हणजे पाच तारे हे छताचं प्रमाणपत्र नव्हे. तरी ते अगदी बिनकामाचेही नाहीत. खांबाच्या धडकेत टिकायला बी-पिलर आणि छताची कड मजबूत लागतेच, आणि तोच पिंजरा पलटीत कामाला येतो. शिवाय तीन किंवा जास्त तारे हवे असतील तर गाडीत ईएससी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, असावं लागतं. गाडी आडवी घसरायला लागली की ही यंत्रणा एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला रेषेत आणते. साइडपट्टीवरून झेपावणाऱ्या गाडीला हाच पहिला लगाम. मला कुणी विचारलं की जाड पत्रा की ईएससी, तर मी दुसऱ्यांदा विचार करणार नाही.

सनरूफचं मात्र लोकांना वाटतं तेवढं भय नाही. वजन कडेच्या पट्ट्या आणि खांब पेलतात, मधलं छत आधीही फारसं पेलत नव्हतं. भय आहे ते काच फुटून तयार होणाऱ्या भोकाचं, आणि वरातीत त्या भोकातून पोरं उभी करणाऱ्या बापांचं.

छताच्या ताकदीला मर्यादा आहेत. उभ्या ट्रकच्या मागच्या फळ्याखाली गाडी घुसली तर मार थेट ए-पिलरच्या वरच्या भागावर येतो, तिथं कुठलाही खांब पुरत नाही. कन्नडच्या घाटात किंवा तोरणमाळच्या वाटेवर दरीत गेलेल्या गाडीलाही ही गणितं लागू नाहीत. ती आहेत शेतात उलटलेल्या, एक-दोन कोलांट्या खाल्लेल्या गाडीसाठी, आणि आपल्याकडे अशाच जास्त दिसतात.

अशा उलट्या गाडीत तुम्ही बेल्टला लोंबकळत असाल तर बेल्टचं बटण एकदम दाबू नका. वाचलेली मान तिथं मोडते. एक हात छताला घट्ट टेकवा, पाय डॅशबोर्डला रोवा, मग दुसऱ्या हातानं बटण दाबा. आणि बाहेरून मदतीला धावलेल्यांनी, गाडीला आग वगैरे नसेल तर, कुणाला मानेला किंवा हाताला धरून ओढू नये. १०८ ला फोन करून, डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरून बोलत राहावं.

हे सगळं ऐकून मामा परत त्या सात सीटरकडे गेले. या वेळी ठोकलं नाही. सोबत्यानं मधल्या दाराची रबराची बीडिंग ओढून बाजूला केली आणि आतली कड दाखवली. कंपनीतून आलेल्या कडेवर स्पॉट वेल्डिंगचे छोटे गोल खळगे ठरावीक अंतरावर असतात, कुठंही दुमड नाही. डावीकडे तसे होते. उजवीकडे बीडिंग काढली तर खळगे गायब, कड गुळगुळीत. मामांच्या हातात फ्रीजचं चुंबक दिलं. ते डाव्या खांबाला टपकन चिकटलं, उजव्या खांबावरून दोनदा घसरलं.

"पुट्टी," सोबती म्हणाला. गाडी त्याची नव्हती, कुणीतरी विकायला लावलेली होती.

मामा काही बोलले नाहीत. मागचं दार उघडून सीटवर बसले, बेल्ट ओढला आणि अडकवायचं टोक शोधायला लागले. सापडेना. नवं रेक्झिनचं कव्हर चढवताना टोकं खालीच दाबून टाकली होती. सोबत्यानं खिशातलं ब्लेड काढलं, कव्हर दोन बोटं फाडलं आणि धुळीनं भरलेलं लाल बटण वर ओढून काढलं. त्यात भुईमुगाचं एक टरफल अडकलं होतं. मामांनी ते नखानं काढलं, बटण दोनदा दाबून पाहिलं, आणि खाली उतरून विचारलं, "दुसरी कोणती शे?"